रविवारचं शटर

लातूरच्या दवाखान्यातून वहिनीचा फोन आला तेव्हा मी एका जळक्या मोटारीतली तार काढत होतो. "भाऊजी, तुमचे दादा गेले," एवढंच ती म्हणाली. त्याला आता महिना उलटला. लोक सांत्वनाला येतात, पण मला रडू येत नाही... मला राग येतो.

दानियलदादा माझ्याहून बराच मोठा. जळकोट रस्त्यावरच्या आमच्या गावात विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान त्यानं काढलं, मी त्याच्याच हाताखाली शिकलो. आमचा आठवडी बाजार रविवारचा. सगळ्या खेड्यांतली माणसं जळक्या मोटारी घेऊन त्याच दिवशी येणार आणि नेमकं त्याच दिवशी आमचं शटर खाली! किल्ली दादाच्या कमरेला आणि दादा चर्चमध्ये. मीही त्याच मंडळीतला, देवाशी माझं वैर नाही. म्हटलं, "दादा, सकाळी उपासना कर, दुपारी उघडू." तर म्हणाला, "दिवस देवाचा हाय. त्यातला अर्धा माघारी कसा मागू रे?" मग समोर दुसऱ्यानं दुकान टाकलं. रविवारी तिथं जत्रा, आणि सोमवारी आम्ही माश्या मारत बसलेलो.

एवढ्यावर थांबला असता तरी मी गिळलं असतं. एका रविवारी कुणाचा तरी भुईमूग वाळून चालला होता, तो मोटार घेऊन थेट घरी आला. दादानं ओट्यावर बसून संध्याकाळपर्यंत ती भरून दिली आणि पैसा घेतला नाही. का, तर देवाच्या दिवशी धंदा नाही, पण अडलेल्याला मदत चालते! मी भांडलो, तर म्हणाला, "बैल विहिरीत पडल्यावर वार बघत्यात व्हय?" लोक काय खुळे नाहीत. फुकट ते पौष्टिक! पुढं दर रविवारी आमच्या ओट्यावर मोटारी येऊन पडू लागल्या.

झळ बसली ती वहिनीला. भाड्याच्या दोन पत्र्याच्या खोल्या कधी सुटल्या नाहीत; ब्लाउज शिवून तिनं लेकीला नर्सिंगला घातलं. एकदा मशीनवरून मान वर न करता मला म्हणाली, "देवाचा एक वार, गिऱ्हाइकांचे सहा. माझा कोणता वो, भाऊजी?" दादा आत ऐकत होता. तो बाहेर आला, तिच्या बाजूला बसला आणि एका ब्लाउजला हुक लावू लागला. मला त्याचाही रागच आला.

मातीच्या दिवशी मंडळीतले एक पुढारी बोलले, असा निर्लोभी माणूस पुन्हा होणे नाही. यांचं मोबाइलचं दुकान रविवारी दिवसभर उघडं असतं. दादा जिवंत होता तेव्हा हेच त्याला येडा म्हणायचे. तिथंच तोंडावर बोलावं असं वाटलं, पण वहिनीकडं बघून मूठभर माती टाकली आणि मागं सरलो.

परवाच्या रविवारी उपासना संपली तसं मी दुकान उघडलं. वहिनीनंच किल्ली दिली. बाजार भरात होता. एक म्हातारा शेतकरी डोक्यावर मोटार घेऊन समोरच्या दुकानाकडं चालला होता, आमचं शटर वर बघून रस्त्यातच थांबला. जवळ येऊन म्हणाला, "आज उघडं कसं?... मंग मिस्त्री गेले का काय?"

मी मान हलवली. त्यानं मोटार खाली ठेवली आणि पायरीवर बसून पटक्यानं डोळे पुसत राहिला. थोड्या वेळानं आणखी एक जण आला, त्यानंही तेच विचारलं. शटर मी पाडलं नाही, हट्टानं अंधार पडेपर्यंत वर ठेवलं. म्हाताऱ्याची मोटार भरून दिली. पण पैसे घ्यायला हात काही पुढं होईना.

मेल्यावरही माझा बाजार बुडवलाच त्यानं.