दोराच्या शेवटाला

शाळेत असताना धावण्याच्या शर्यतीत माझा नंबर खालून मोजावा लागायचा. लग्न होईपर्यंत मी कुठला खेळ म्हणून खेळले नव्हते. अशी मी चाळिशी जवळ आल्यावर पोलादपूर तालुक्यात नावाजलेली खेळाडू झाले, आणि त्या नावाजण्याने माझी तीन वर्षं खाल्ली. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

खेळ रस्सीखेचीचा. महिला दिनाला पोलादपूरच्या मैदानावर तालुक्यातल्या बचत गटांच्या स्पर्धा असतात. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा वगैरे चालू असतं तोवर लोक सावलीत बसून वडापाव खातात. दोर बाहेर निघाला की मात्र सगळे उठून कडेला येतात. एका बाजूला आठ बायका, दुसऱ्या बाजूला आठ. सातजणी नुसता हाताने ओढतात. आठवी, सगळ्यात मागची, दोर अंगावर घेते आणि खुंटासारखी उभी राहते. आमच्या वाडीची आठवी मी होते.

मी त्या वाडीची सून, पण राहायचे मुंबईजवळ दिव्याला. नवरा कुरिअर कंपनीत आणि मी एका पोळी-भाजी केंद्रात. दिवसभर कणीक मळून माझे दंड असे झाले होते की नवरा म्हणायचा, भांडायचं असेल तर फोनवर भांडत जाऊ. मला ते काम आवडायचं. संध्याकाळी हातपाय धुऊन स्टेशनबाहेर भाजी घ्यायला जायचं, ओळखीच्या दोघीतिघी भेटायच्या, उगाच अर्धा तास उभं राहून हसायचं. एवढंच माझं सुख होतं, आणि मला ते पुरत होतं.

मग गावाकडे सासू गोठ्यात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. महाडला ऑपरेशन झालं. मी दोन महिन्यांसाठी म्हणून दोन पिशव्या घेऊन गेले. नवऱ्याने तेवढ्यात दिव्याची खोली सोडली आणि तो मुंबईतल्या गावकीच्या खोलीत राहायला गेला. तिथे वाडीतले बाप्ये ओळीने झोपतात, बाईमाणसाला जागा नाही. "तू आलीस की बघू दुसरी," असं तो म्हणाला होता. मी येणार कधी, हे त्याने विचारलं नाही आणि मलाही तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. चूक माझीसुद्धा आहे.

वाडी कुडपणच्या वाटेला, डोंगराच्या उतारावर. घरं बावीस, त्यातल्या अकरा घरांना कुलूप. ती कुलपं गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, बाकी वर्षभर त्यांच्या पायऱ्यांवर कोंबड्या बसतात. तळीयेला दरड कोसळल्यापासून पावसाचा जोर वाढला की तलाठी फोन करायचा आणि आम्ही गाठोडी घेऊन खालच्या शाळेत जाऊन बसायचो, ऊन पडलं की परत वर. अशा ठिकाणी दोर ओढू शकतील अशा बायका किती उरणार? मोजून सात होत्या. मी गेले आणि आठ झाल्या.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंच्या मात्र पहिल्याच दिवशी आलं होतं. मी सासूला उचलून अंथरुणावरून खुर्चीत बसवत होते आणि त्या दारात उभ्या राहून माझ्या दंडांकडे बघत होत्या. म्हैस बघायला आलेल्या माणसाची नजर असते, तशी.

आम्हाला शिकवायला वाडीतलेच एक काका होते, पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. सगळे त्यांना फौजीकाका म्हणत. कापणी झालेल्या खाचरात ते ऐनाच्या झाडाला दोर बांधायचे आणि आम्हाला तो ओढायला लावायचे. झाड काही हलायचं नाही. "हलवायचा नाय," ते म्हणायचे, "आपन हलायचा नाय. एवढाच खेल हाय." मला त्यांनी दोर अंगावर घ्यायची रीत शिकवली: काखेखालून घ्यायचा, पाठीवरून तिरका खांद्यावर आणायचा, आणि उरलेलं टोक दुसऱ्या काखेत दाबून मागे मोकळं सोडायचं. सासू अंगणात खुर्चीवर बसून बघत होती. ती म्हणाली, "गाठ मारा की कमरेला, म्हंजी सुटायचा नाय."

"गाठ नाय मारायची, वयनी," काका एकदम कडक झाले. "गाठ मारली का मानूस वडला जातो, हाड मोडतं. हात वर केला का दोर सुटला पायजे. गाठ दिसली तर पंच सगली टीम बाद करतो."

पहिल्या वर्षी आम्ही जिंकलो. साडीवर टी-शर्ट घातलेल्या आठ बायका. टी-शर्ट वाडीच्या मुंबई मंडळाने पाठवलेले, पाठीवर वाडीचं नाव. बक्षिसाचा कप देवळात देवीच्या शेजारी ठेवला. खरं सांगायचं तर मला मजा आली होती. लोक ओरडत होते आणि मी टाचा मातीत रुतवून उभी होते, आणि समोरच्या आठजणी मिळून मला हलवू शकत नव्हत्या. आयुष्यात पहिल्यांदा माझं जाड असणं कुणाच्या तरी कामाला आलं होतं.

तोवर सासू काठी घेऊन चालायला लागली होती. मी नवऱ्याला फोन केला, आता खोली बघ म्हणून. तो म्हणाला, "बघू. पण मंडळातले म्हनतात, पुढच्या वर्षी पन कप आपलाच पायजे. तुझं नाव निघतं मीटिंगला." त्याच्या आवाजात असा काही अभिमान होता की मी फोन ठेवला आणि परसात जाऊन रडले. मंडळात त्याला आजवर कुणी विचारत नव्हतं. आता बायकोमुळे त्याला पुढे बसवत होते आणि ती बायको डोंगरावर.

दुसऱ्या वर्षीही जिंकलो. त्यानंतर तर मी जाण्याचा विषय काढला की लोक हसायचे, जशी काही मी थट्टाच करते आहे. जीपवाला मला पुढच्या सीटवर बसवायचा. पोलादपूरच्या बाजारात अनोळखी बायका माझा दंड दाबून बघायच्या. सगळे इतकं चांगलं वागत होते की भांडायला जागाच राहिली नाही. मी सकाळी उठायचे, समोर तोच डोंगर, त्याच कुलूप लावलेल्या घरांच्या पायऱ्या, आणि माझा जीव गुदमरायचा. पोळी-भाजी केंद्राच्या मालकीणबाईंनी दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा आला नाही.

तिसऱ्या वर्षी मी सरावाला जायला टंगळमंगळ करू लागले. गेले तरी अंग चोरायचे. ते लपत नाही, झाडाला दोर बांधलेला असतानाही लपत नाही. शेवटी देवळात बैठक बसली. मी समोर होते आणि माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं.

माझी मोठी जाऊ ओढताना माझ्या पुढे उभी असायची. ती स्पष्ट बोलली. "मन नाय तिचं. मन नसलेली बाई पाठीशी घिऊन मी नाय वडनार. तिनं सोडला तर आमी सातजनी तोंडावर पडू. त्यापक्षी जाऊ द्या तिला."

"नि आठवी कुठून आनू?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "तू जनतीस का?"

"सात घिऊन उतरू."

"सातांना घेतच नायत. आठ नसल्या तर आपलं नावच नाय कागदावर. कपाचं सोड गो, वाडीचं नावच नाय."

मग फौजीकाकांना विचारलं. ते म्हणाले, "जवान नाराज असला तर आमी त्याला सुट्टीवर पाठवायचो. पन आमच्याकडं दुसरे जवान व्हते."

मला कुणी काही विचारलं नाही. मीच बोलले. म्हटलं, हे वर्ष ओढते, मनापासून ओढते, पण त्यानंतर मी जाणार. कुणी नाही म्हणालं नाही आणि कुणी हो म्हणालं नाही. अध्यक्षीणबाई सतरंजी झटकू लागल्या. सासू भिंतीला टेकून बसली होती, ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, निदान ही तरी बोलेल. ती काठी शोधायला लागली.

स्पर्धेच्या दिवशी ऊन मरणाचं होतं. अंतिम सामन्यापर्यंत आम्ही आलो. तीन डाव असतात, दोन जिंकायचे. पहिला आम्ही घेतला, दुसरा समोरच्यांनी. तिसऱ्याआधी थोडी विश्रांती होती. सासू काठी टेकत मैदानात आली. तिने मला पाणी पाजलं, ओला टॉवेल माझ्या पाठीवर टाकला, माझ्या अंगावरचा दोर मागून नीट केला. तिचे हात बराच वेळ माझ्या पाठीशी होते. मला बरं वाटलं. आईनंतर माझ्या पाठीवरून असा हात कुणी फिरवला नव्हता.

शिट्टी झाली. मी टाचा रुतवल्या. दोराच्या मधलं लाल फडकं जागच्या जागी थरथरत होतं. आणि त्या क्षणी माझ्या मनात आलं ते असं: जिंकलो तर पुढे अलिबागला जिल्ह्याची स्पर्धा, मग परत पुढचं वर्ष, परत हाच दोर. देवळात दिलेला माझा शब्द कुणी ऐकलेलाच नाही. हरलो तर कुणाला माझी गरज उरणार नाही. समोर जावेची मान दिसत होती, शिरा तटतटलेल्या. तिचा विचार मी केला, नाही असं नाही. तरीही हात वर केला.

दोर सुटला नाही.

मी तोंडावर आपटले आणि फरफटत पुढे गेले, जावेच्या पायांवर, तिच्यासकट. पंचांची शिट्टी वाजतच राहिली. टॉवेल गळून पडला होता. माझ्या पाठीवर दोराचं मोकळं टोक मुख्य दोराला गाठ मारून बांधलेलं सगळ्या मैदानाला दिसलं. आम्ही बाद झालो. मी हात वर केलेला नसता तर ती गाठ कुणाला कळली नसती, आणि गाठ नसती तर दोर निसटला असंच सगळ्यांनी मानलं असतं, मी हात वर केला हे कुणी सिद्ध करू शकलं नसतं. जाऊ मातीत बसून माझ्याकडे बघत होती. तिला दोन्ही कळलं होतं.

ओढीने गाठ घट्ट बसली होती. फौजीकाकांनी नखं मोडेपर्यंत प्रयत्न केला, मग कुणाला तरी कोयती आणायला सांगितली.

"कापू नको," सासू म्हणाली. "मी सोडते."

ती काठी टाकून माझ्या मागे बसली आणि दोन बोटांनी तिने गाठ सोडली. जन्मभर म्हशी बांधलेली बाई. एवढी घट्ट गाठ इतक्या चटकन कोण सोडतं, हे सगळ्यांनी पाहिलं. काका दोर गुंडाळायला लागले.

घरी आल्यावर तिने चूल पेटवली. माझ्या कोपरांना हळद लावली. मी विचारलं, "आई, का केलंत असं?"

"तू सोडशील ते मला म्हायत व्हतं."

"मग मला उतरवलंत कशाला? घरी ठेवायचं होतं."

"आठ लागतात," ती म्हणाली. मग चुलीत लाकूड सारून म्हणाली, "तू गेलीस का आपल्या दाराला बी कुलूपच की गो. मी एकली आतून लावनार नि आतूनच उघडनार."

मला तिची दया आली नाही, तेव्हा नाही. कोपरं भगभगत होती आणि मला फक्त राग येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला नवऱ्याचा नंबर लावायला सांगितला. फोन कानाशी उलटा धरून ती ओरडून म्हणाली, "खोली बघ. ती येतेय. मंडळाला सांग, आईनं सांगितलंय." फोन तिने माझ्या हातात दिला आणि ती गोठ्याकडे गेली, काठी न घेता.

आता आम्ही पुन्हा दिव्याला आहोत. मी दुसऱ्या एका केंद्रात पोळ्या लाटते. संध्याकाळी भाजी घेते, ओळखीच्या दोघी भेटतात. मला हवं होतं ते सगळं मिळालं आहे. शिमग्याला गेले की जाऊ चहा देते, पण जेवायला थांब म्हणत नाही.

परवा महिला दिनाला नवऱ्याच्या मोबाइलवर मंडळाच्या ग्रुपमध्ये फोटो आला. मला वाटलं, वाडी या वर्षी उतरलीच नसेल. फोटोत आठजणी होत्या. पुढे अध्यक्षीणबाई, मागे ओळीने सगळ्या, सातवी जाऊ, आणि तिच्या मागे, शेवटाला, माझा टी-शर्ट घातलेली सासू. तो तिला गुडघ्यापर्यंत येत होता. काठी बाजूला गवतात पडलेली. मी फौजीकाकांना फोन केला आणि नाही नाही ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ऐकंना ती. आठ लागतात म्हनली. मी तिला येवढंच शिकवलं, शिट्टी झाली का हात वर करायचा. केला तिनं. पयल्याच फेरीत हरलो, पन कागदावर नाव लागलं."

फोन ठेवून मी तो फोटो बोटांनी मोठा केला. दोर तिच्या काखेखालून पाठीवर आणि तिथून खांद्यावर गेलेला, मला शिकवला होता अगदी तसा. उरलेलं टोक तिच्या मागे मातीवर पडलेलं दिसत होतं, मोकळं. गाठ नव्हती. मी तीनदा बघितलं.