शेवटी सेव्ह कोणी केली

माझा धाकटा भाऊ गडचिरोलीच्या जंगलातल्या एका आरोग्य केंद्रात कंत्राटी डेटा ऑपरेटर होता. हिवतापाच्या रक्तनमुन्यांची एक्सेल यादी तो भरायचा आणि नेट टिकत नसल्याने पेनड्राइव्हवर तालुक्याच्या ऑफिसात नेऊन द्यायचा. गेल्या पावसाळ्यात एका गरोदर बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि गोळ्या फार उशिरा पोचल्या. बाई वाचली, पोटातलं बाळ गेलं. चौकशी लागली. ऑफिसातल्या यादीत तिच्या रिपोर्टची तारीख मूळ कागदावरच्यापेक्षा आठवडाभर पुढची होती. म्हणजे उशीर ती भरणाऱ्या ऑपरेटरचा.

"ताई, मी अशी तारीख भरलीच नाई," भाऊ फोनवर म्हणाला.

जुनी प्रत त्याच्याकडे नव्हती. ऑफिसातून परत आलेली फाइल तो जुनीवरच टाकायचा, सगळेच टाकतात.

मी भद्रावतीच्या कॉलनीत बाबांच्या युनियनच्या पत्रकांच्या घड्या घालत वाढले. रविवारी बाबांच्या मित्रांनी घर भरायचं आणि अक्षरओळखही मला त्या ठळक मथळ्यांवरूनच झाली. अन्याय दिसला की माझ्या डोक्यात मथळा तयार होतो. या वेळी झाला नाही. मी फोन ठेवला, कणीक मळली, पोळ्या केल्या. राग येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही.

चंद्रपुरात मी कॉम्प्युटर क्लास घेते, म्हणून एक गोष्ट माहीत होती. चौकशीच्या कागदांबरोबर भावाला ऑफिसातल्या फाइलीची प्रत मिळाली होती. तिची नक्कल केली, नावाच्या शेवटी एक्सएलएसएक्सच्या जागी झिप लिहिलं आणि ती उघडली. आत बऱ्याच बारक्या फाइली असतात. त्यातली एक नोटपॅडमध्ये घेतली की कोणत्या एक्सेलने फाइल सेव्ह केली त्याचा आकडा दिसतो. तिथे सोळा होता. भावाच्या केंद्रातलं एक्सेल दोन हजार सातचं, ते बारा उमटवतं. तालुक्याच्या ऑफिसात नवीन मशीन होतं.

त्याची नोकरी वाचवायला एवढं पुरेल असं मला वाटलं. आम्ही दोघं चौकशीला गेलो.

चौकशी करणाऱ्या साहेबांनी माझा कागद नीट वाचला. "म्हणजे तारीख आमच्या ऑफिसात बदलली, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"याच्या मशीनवर सोळा उमटूच शकत नाही, साहेब."

बाजूला बसलेले ऑफिसातले बाबू हसले. "मॅडम, सोळा तं येनच ना! फाइल मी इथी उघडली अन् सेव्ह केली."

"काऊन केली, बाबूजी? नुसती पाहायची होती ना?" मी विचारलं.

"सवय हाय. लाइट केव्हा जाईन, सांगता येते काय इथी? बोट आपोआपच जाते. तुमच्या क्लासात इन्व्हर्टर असन, म्हणून तुमाले नाई समजत. विचारा तुमच्या भावाले, तो करते का नाई."

तो आकडा शेवटच्या सेव्हचा असतो, हे मला माहीत होतं. काही बदललं नसेल तर कोणी सेव्ह कशाला करेल, एवढंच मी धरून चालले होते. मी भावाकडे पाहिलं. त्याने गप्प राहावं असं मला वाटलं.

"करतो," तो म्हणाला. "पाहाले उघडली तरी करतो."

मग मी म्हटलं, "तर यानेच तारीख चुकीची भरली, हेही या फाइलीवरून ठरत नाही."

साहेबांनी माझा कागद बाजूला ठेवला. "नाही ठरत," म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत.

दुपारी आदेश हातात आला. त्यात दोन वाक्यं होती. दोष सिद्ध होत नाही. कंत्राट पुढे वाढवू नये.

"दोष नाही, तर मग का?" मी विचारलं.

"कंत्राट आहे, मॅडम. संपतं."

एरवी मी टेबलावर हात आपटला असता. मी पेन पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली.

कपाटाची किल्ली द्यायला आम्ही केंद्रात गेलो. सिस्टर दारातच उभ्या होत्या. "काय झालं रे?"

"संपलं, सिस्टर."

"अन् हे रिपोर्ट? मले तं ते मशीन चालूही करता येत नाई." टेबलावर नवीन रिपोर्टांचा गठ्ठा पडला होता.

भावाने चप्पल काढली, खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटर चालू केला.

आता या लोकांचं एक अक्षरही भरू नकोस, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. त्याने वर न पाहता विचारलं, "ताई, त्या बाईले कोन सांगन, उशीर कोनाचा होता ते?"

मी स्टूल घेऊन शेजारी बसले आणि वरचा रिपोर्ट उचलून नाव, गाव आणि तारीख वाचून दाखवली. त्याने भरली. मी पुढचा उचलला.