अर्धा मोर

माझ्या बायकोच्या भाचीचं लग्न अर्ध्या मोरावर पार पडलं, आणि उरलेला अर्धा मोर मी खाल्ला अशी निपाणीत समजूत आहे.

खुलासा करणं भाग आहे. माझी बायको सुनंदा बेळगावात, आमच्या अनगोळच्या घरी, ब्लाऊजवर भरतकाम करून देते. भरतकामाचं मशीन आहे, आणि टाका कुठं घालायचा हे त्या मशीनला सांगणारा एक जुना कॉम्प्युटर आहे. तो बोलला तर मशीन चालतं, तो गप्प बसला तर तेही गप्प. (सुनंदाचं आणि माझं असंच आहे, मी मशीन.) मशीनचा प्रोग्रॅम फक्त कॉम्प्युटरच्या जुन्या सिस्टिमवर चालतो, नव्या सिस्टिमवर उघडतसुद्धा नाही. ही सगळी व्यवस्था माझ्याकडे, कारण मी एका कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो. समोर बसतो म्हणजे त्यातलं कळतं, असा सासुरवाडीचा समज! मी तो कधी खोडून काढला नाही.

सुरुवातीला मी सगळेच अपडेट बंद करून टाकले होते. कटकटच नको! मग एका गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि सुनंदानं जमवलेली सगळी डिझाइनं घेऊन गेला. ती बिचारी पुन्हा पहिल्यापासून बसली. मी कानाला खडा लावला: सुरक्षेचे अपडेट वेळच्या वेळी घ्यायचे, नवी सिस्टिम मात्र घरात घ्यायची नाही. पंचाईत अशी, की दोघंही एकाच दारानं येतात! डोस पाजायला आलेल्या नर्सबाईंना दार उघडावं, तर त्यांच्या मागून बिऱ्हाड घेऊन आलेला पाहुणा आत डोकावतो.

हा पाहुणा रोज सकाळी पडद्यावर विचारायचा, "नवी सिस्टिम तयार आहे. आत्ता की नंतर?" मी "नंतर" दाबायचो.

"अहो, एकदाच नको म्हणून सांगा की त्याला," सुनंदा म्हणायची.

"नको असं बटणच न्हाई. आणि तोंडावर नको कशाला म्हणायचं? आपल्यात म्हणतात काय?"

खरंच म्हणत नाहीत. आमच्या भागात मुलगी बघायला आलेल्यांना कुणी "नको" म्हणत नाही. पोहे देतात, चहा देतात, गाडीपर्यंत सोडायला येतात आणि सांगतात, "मागनं कळवतो." शहाण्या माणसानं काय ते समजून दुसरं स्थळ बघायचं. मध्यस्थ म्हणून मी स्वतः हा निरोप कितीतरी जणांना दिलाय, एकही परत आला नाही! तेव्हा कॉम्प्युटरही समजून घेईल, असं मी धरून चाललो.

भाची सुकन्या, सुनंदाच्या भावाची मुलगी, हिचं लग्न निपाणीला, सुनंदाच्या माहेरी. आदल्या दिवशी दुपारी तिचा लग्नाचा ब्लाऊज मशीनवर होता. उजव्या बाहीवर मोर असा उतरला होता, की आता ओरडेल. डाव्या बाहीवर पाय झाले, पिसारा झाला, मान सुरू होणार एवढ्यात मशीन थांबलं.

"अहो! हे काय दाखवाय लागलंय बघा!"

पडद्यावर लिहिलं होतं, "तुम्ही ठरवल्याप्रमाणे नवी सिस्टिम येत आहे. कॉम्प्युटर बंद करू नका."

"कुणी ठरवलं?" सुनंदानं विचारलं.

"मी फक्त नंतर म्हटलं होतं..."

"मग हे नंतरच हाय की!"

बराच वेळ टक्के चढत राहिले आणि शेवटी पडदा म्हणाला, "नमस्कार! सगळं नवं केलं आहे." सगळं म्हणजे सगळं! प्रोग्रॅम उघडेना, मशीन ओळख दाखवेना. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मशीन बंद करून चालू केलं. काही सुचेना म्हणून पंखासुद्धा बंद करून चालू केला! अखेर सुनंदानंच एक बटण शोधून काढलं: "मागच्या सिस्टिमवर जा." खाली बारीक अक्षरांत होतं, की ही सोय थोडेच दिवस मिळेल. तिनं ते दाबलं. कॉम्प्युटर मागं निघाला, पण पुढं गेला होता त्याहून सावकाश. इकडे निपाणीला निघायची वेळ झाली. मान हातानं भरायला तिनं सुई उचलली आणि परत ठेवली; जरीच्या कामात मशीनशेजारी हाताचा टाका लगेच उठून दिसतो.

"माहेरात तोंड कसं दाखवू?" एवढंच म्हणाली. मग बसमध्ये निपाणीपर्यंत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. माहेरच्या प्रत्येक लग्नात तिच्या कामाचं कौतुक व्हायचं, आणि या वेळी पिशवीत बिनडोक मोर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सुकन्यानं ब्लाऊज उलगडला. उजवी बाही बघून हसली. डावी बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"मामा, ह्याचं डोस्कं कुठाय?"

"ते... मागनं येणार हाय."

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आत्ती, रडतीस कशाला गं?" सुकन्या म्हणाली. "पदर डाव्याच खांद्यावर असतोय न्हवं? दंडावरनं मोकळा सोडते. आत मोर असू दे न्हाई तर कोंबडा, कुणाला दिसतंय!"

त्या पोरीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. अक्षता पडल्या, फोटो झाले, पदर जागचा हलला नाही. उजव्या बाहीचं सगळ्यांनी कौतुक केलं आणि सुनंदा हसली. माझा जीव भांड्यात पडला.

पंगतीत माझे सासरे आप्पा शेजारी बसले होते. "पाव्हणं, मोराचं काय झालं म्हणं?" (त्यांना कळलं होतंच!)

"काय सांगू आप्पा! मी 'नंतर' म्हटलं आणि त्यानं होकार धरला. माणसाला कळतंय हो, यंत्राला कुठलं कळायला?"

आप्पांनी घास खाली ठेवला. "माणसाला कळतंय? सुनंदीला बघून निघालासा, तवा मी तुमास्नी काय म्हटलतो?"

"मागनं कळवतो म्हटला होता."

"आणि तुम्ही काय केलासा?"

मी? मी आठच दिवसांत आईला घेऊन साखरपुड्याची तारीख विचारायला गेलो होतो! माझा घास हातातच राहिला. पंगतीत हशा पिकला. जिलेबी वाढायला आलेली सुनंदा नेमकी समोरच उभी होती.

"म्हणजे तेव्हा नको म्हणायचं होतं?" मी तिला विचारलं.

"तुम्हास्नी आत्ता कळलं व्हय?"

"मग मला मागं का न्हाई पाठवलंस?"

"पाठवणार होते की. बघूया, बघूया म्हणत ऱ्हायले आणि मुदत संपली," असं म्हणत तिनं माझ्या पानात आणखी एक जिलेबी वाढली.

ती मुदत तिनं संपू दिली याबद्दल मी तिचा कायमचा ऋणी आहे. तेव्हापासून ती सांगेल ते किरकोळ अपडेट मी रोज निमूट घेतो. कॉम्प्युटर जुन्या सिस्टिमवर परत आला, आणि पुढच्याच आठवड्यात त्या मोराला डोकं मिळालं. माझं अजून मागनं येणार हाय!