घागरीवरचा शिक्का

मतपत्रिकेची घडी आधी उभी घालायची, मग आडवी. उलट घातली तर ओल्या शाईचा ठसा दुसऱ्याच चिन्हावर उमटतो आणि मत बाद होतं. एवढी एक गोष्ट लोकांना शिकवायला आम्ही सात-आठ जण सत्तरच्या दशकात दर रविवारी नागपूरच्या वस्त्यांतून फिरायचो. आम्ही कोणत्याच पक्षाचे नव्हतो. कोणाला मत द्या हे तोंडातून काढायचं नाही आणि निवडणूक जाहीर झाली की कोणत्याही उमेदवाराच्या घरचा चहा घ्यायचा नाही, हे आमचे नियम. ते घालून दिले होते माझ्या गुरुजींनी.

गुरुजी आमच्या गावच्या शाळेचे मुख्याध्यापक. माझ्या घरात माझ्याआधी कोणाला सही करता येत नव्हती. मॅट्रिक झाल्यावर वडील मला विटांच्या भट्टीवर पाठवायला निघाले होते, तेव्हा गुरुजी आमच्या ओट्यावर येऊन बसले ते कॉलेजचा फॉर्म भरूनच उठले. पुढे मी बी.ए. झालो, कोराडीच्या वीज केंद्रात कारकून लागलो. निवृत्तीनंतर गुरुजी नागपुरात मुलाकडे राहायला आले. त्यांनी बोलावलं आणि मी गेलो नाही, असं कधी झालं नाही. त्याची मला आजही लाज वाटत नाही. पण पुढचं सगळं त्यातूनच घडलं, म्हणून आधी सांगतो.

नाल्याकाठी गिरणी कामगारांची एक वस्ती होती. घरं मातीची, वर कवेलूंचं छप्पर, मधोमध विहार आणि पंचशीलाचा झेंडा. नाल्याच्या कडेने रस्ता काढायचा आणि वस्ती शहराबाहेर हलवायची असं महापालिकेत चाललं होतं. तो रस्ता ज्याला हवा होता तो ठेकेदारच त्या वॉर्डातून उभा राहणार होता. म्हणून वस्तीनेही आपला माणूस उभा करायचं ठरवलं. गिरणीत फिटर असलेला हा माणूस शांत स्वभावाचा होता, सगळे त्याला मिस्त्री म्हणत. तो महापालिकेत निवडून गेला तर घरं वाचतील, एवढा सरळ हिशेब होता. अडचण एकच. मागच्या खेपेला या वस्तीतल्या बायकांची मतं ढिगाने बाद झाली होती.

गुरुजींनी सायक्लोस्टाइलवर सरावाचे कागद काढले. खऱ्या पक्षांची चिन्हं नकोत म्हणून घागर, सूप, कुदळ आणि पतंग अशी चार चित्रं घेतली. फुलीचा रबरी शिक्का करून घेतला. आणि सगळ्यांनी शिक्का घागरीवरच मारायचा असं ठरवलं. चाळीस वर्षं पेपर तपासलेला माणूस तो. सगळ्यांचं उत्तर एकच असलं की चूक लगेच दिसते, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटलं होतं. घडी उलगडून, लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करून ते कागद परत द्यायचे, आणि बायका तो शेजारणीला दाखवायच्या.

बायका बिड्या वळत बसलेल्या असायच्या. त्यांच्यातली जी सर्वांत मोठी होती तिला सगळी वस्ती मावशी म्हणायची. तिचं पान-तंबाखूचं सूप मांडीवरून खाली उतरायचं नाही.

"काहून गा गुरुजी, रोज रोज घागरच काहून?" ती एकदा म्हणाली. "पतंगावर मारलं तं पोलिस नेते का?"

"पतंग उडून जाईल, मावशी," गुरुजी म्हणाले.

"आन् घागर? तिच्यात पानी तं भरून द्या आधी!"

सगळ्या हसल्या. चार महिन्यांत एकही कागद चुकेनासा झाला. गुरुजींचा चेहरा असा उजळलेला मी शाळेच्या निकालाच्या दिवशीच पाहिला होता.

मतदानाला पंधरा दिवस असताना चिन्हं वाटली गेली. कचेरीबाहेर लावलेली यादी उतरवून घ्यायचं काम माझं होतं. मिस्त्रीला शिडी मिळाली होती. यादीत खाली एक अपक्ष होता, लाकडाच्या वखारीचा मालक, कोणाशी तरी पैज लावून उभा राहिलेला. प्रचाराला तो घराबाहेरही पडला नव्हता. त्याच्या नावापुढे घागर होती.

मी सायकल हाणत गुरुजींकडे गेलो. त्यांनी यादी दोनदा वाचली.

मी म्हणालो, "आज संध्याकाळीच जाऊन सांगू. घागरीवर मारू नका म्हणू."

"म्हणजे एका उमेदवाराला मत देऊ नका असं सांगायचं?"

"गुरुजी, तो उमेदवार पैजेचा आहे."

"तो कसा आहे हे ठरवणारे आपण कोण? आज त्याच्याविरुद्ध बोललो, तर उद्या आपल्यावर विश्वास कोण ठेवील?"

मला उत्तर सुचत नव्हतं असं नाही. ते सुचलं होतं. पण ज्या माणसामुळे माझ्या अंगावर धुतलेला शर्ट होता, त्याच्यासमोर ते तोंडातून निघालं नाही.

रविवारी आम्ही गेलो. गुरुजींनी स्वच्छ सांगितलं, "सरावाचा कागद सरावापुरता होता. खऱ्या कागदावर ज्याला द्यायचं त्यालाच द्या." घागरीचं नाव त्यांनी घेतलं नाही. बायकांनी माना हलवल्या. मावशी म्हणाली, "समजलं ना बाप्पा, कितीदा सांगून राहिले!" मी तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. मीही नाव घेतलं नाही.

मतदानाच्या दिवशी बायका नवी लुगडी नेसून रांगेत उभ्या होत्या. मोजणीत त्या केंद्राच्या पेटीतून बाद मत जवळजवळ निघालं नाही. घड्या सुरेख होत्या. आणि घागरीवरच्या शिक्क्यांचा वेगळा गठ्ठा बांधावा लागला. मिस्त्री थोडक्यात पडला. तो गठ्ठा शिडीकडे असता, तर ठेकेदार पडला असता.

वस्तीत बोललं जाऊ लागलं की बायकांनी वखारवाल्याकडून लुगडी घेऊन मतं विकली. नवऱ्यांनी हात उचलले. दोघी माहेरी निघून गेल्या. हे कळल्यावर गुरुजी म्हणाले, "चल." आम्ही भरदुपारी विहारासमोर जाऊन उभे राहिलो आणि त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की बायकांचा दोष नाही, दोष शिकवणाऱ्याचा आहे.

मिस्त्री पुढे आला. तो म्हणाला, "गुरुजी, तुमी आमच्यासाठीच येत होते ना?" आणि घरात निघून गेला.

मावशी बसूनच होती. पहिल्यांदाच तिच्या मांडीवर सूप नव्हतं. "मले शिडी माहीत होती," ती म्हणाली. "घरून शिडी शिडी करतच निघाली. पन शिक्का हातात आला आन् हात आपल्या मनानं घागरीवर गेला. बिडीचं पान पाहून कोन वळते गा? हात वळते." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबू, घागर त्या वखारवाल्याची हाय, हे तुले कवा समजलं?"

मी म्हणालो, "मोजणीच्या दिवशी, मावशी."

गुरुजी शेजारी उभे होते. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराला त्यांनी कधी माफ केलं नव्हतं. त्यांनी मला टोकलं नाही. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला लागले.

मावशीने मान हलवली. "मंग तू तरी काय करशीन," ती म्हणाली.

उन्हाळ्यात ट्रक आले. वस्ती हुडकेश्वरच्याही पलीकडे, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, शेताला लागून नेऊन टाकली. तिथून गिरणीच्या पहिल्या पाळीला पोचायचं तर अंधारात निघावं लागे. आमचं सात-आठ जणांचं मंडळ आपोआप बंद पडलं. गुरुजी पुढे सहा वर्षं जगले. मी दर दिवाळीला त्यांच्या पाया पडायला जायचो, आणि आम्ही दुसऱ्या गोष्टी बोलायचो.