शेवटच्या क्रेटमधली शेवंती

फुलाची पाकळी वाळायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर तिला ऊन दाखवायचं नाही, हात लावायचा नाही, सारखं उचकटून बघायचं नाही. मग तीन बायकांनी एका ओसरीवर बसून करायचं काय? बोलायचं! त्यामुळे आमच्याकडे पाकळ्या कमी आणि किस्से जास्त साठलेत. पाकळ्यांना बुरशी लागते, किश्श्यांना लागत नाही.

ओसरी माझी, पुणतांब्यातली. मी प्राथमिक शाळेतून रिटायर झालेली, म्हणून सगळं गाव मला ‘बाई’ म्हणतं. दुसऱ्या रूथ सिस्टर. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी नर्स म्हणून जन्म घालवला. तिसरी शकू, शेवंती पिकवणाऱ्या दत्तूभाऊंची बायको. लोक लग्नातले हार, बारशाची फुलं, निरोपसमारंभाचे गुच्छ आणून देतात. आम्ही त्यांच्या पाकळ्या वाळवतो आणि फ्रेम, बुकमार्क, पत्रिका असं काय काय करून आठवण म्हणून परत देतो.

यंदा भाद्रपदात दत्तूभाऊ गेले. त्यांनी तोडलेली शेवटची शेवंती शकूला मुलीच्या लग्नापर्यंत टिकवायची होती. ते सांगणारच आहे. पण आधी दोन-तीन जुने किस्से ऐका, म्हणजे आम्ही कुठल्या मातीच्या बायका आहोत ते कळेल.

*

सुरुवातीला आमच्याकडे काही सामान नव्हतं. पाकळ्या जाड पुस्तकात दाबून ठेवायच्या, एवढंच माहीत. टेलिफोनची जुनी डिरेक्टरी भरली, माझा शब्दकोश भरला. जागा पुरेना म्हणून मी कपाटातली एक जाडजूड फाईल घेतली. ती नेमकी आमच्या ह्यांची जमिनीच्या कागदांची निघाली.

हे तलाठ्याकडे गेले, टेबलावर फाईल उघडली आणि लाल गुलाबाच्या पाकळ्या ऑफिसभर झाल्या. तलाठ्यानं त्यातली एक उचलली, सातबारा पाहिला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “काका, इथं ऊस दाखवलाय. पीकपाहणीत गुलाब लावू का?”

हे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मलाही वाईट वाटलं, पण खरं सांगते, कागदाला डाग पडला त्याचं नाही. पाकळ्या गेल्या त्याचं.

*

एकदा कर्जतहून नवरा-नवरीचे दोन हार आले. मुलीच्या आईनं बजावून सांगितलं होतं, “माझ्या मुलीचा हार वेगळा आणि जावयाचा वेगळा. दोन फ्रेम करा.” दोन्ही हार लाल गुलाबाचे. आम्ही पाकळ्या सोडवून पेपरवर दोन ढीग घातले, मी शाळेतल्यासारख्या नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. आणि वाळायला म्हणून मीच पंखा सुरू केला. चिठ्ठ्यांसकट सगळं एकत्र झालं.

मी रडकुंडीला आले. शकू खाली बसून शांतपणे पाकळ्या गोळा करत म्हणाली, “लगीन लागलंय ना त्यांचं? मग आता कुनाचं कुठलं, हे कशाला इचारायचं?”

आम्ही एकच मोठी फ्रेम केली. मुलीची आई आली तेव्हा मी तिला शकूचंच वाक्य ऐकवलं. तिनं फ्रेमच्या काचेवरून हात फिरवला. मग डोळे पुसले आणि फ्रेम पदराखाली धरून घेऊन गेली.

*

एक गृहस्थ देवळातला हार घेऊन आले. देवाच्या गळ्यातला हार, फ्रेम करून दुकानात लावायची म्हणाले. मी हो म्हणणार होते. रूथ सिस्टरांनी मला थांबवलं.

“बाई, हे देवाला वाहिलेलं आहे. हे नदीत सोडतात, नाही तर झाडाच्या बुंध्याशी ठेवतात. भिंतीला लावत नाहीत.”

गृहस्थ चकित झाले. म्हणाले, “सिस्टर, तुम्ही तर ख्रिश्चन ना?”

“म्हणूनच,” सिस्टर म्हणाल्या. “दुसऱ्याच्या देवाचं असलं की जास्त जपावं लागतं.”

मला माझीच लाज वाटली. त्या दिवशी आम्ही नियम केला, देवाचं घ्यायचं नाही. शकूनं त्याला आणखी एक जोडला, मयताचं घ्यायचं नाही. अंत्ययात्रेतलं फूल घरात आणू नये, असं तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं.

*

भाद्रपदात गौरी-गणपतीच्या आधी शेवंतीला मागणी असते. त्या दिवशी दत्तूभाऊंनी उजाडता उजाडता पिवळ्या शेवंतीचा क्रेट भरला, बांधावर ठेवला आणि टेम्पोची वाट बघत बसले. टेम्पोवाला आला तेव्हा ते बसल्या जागीच गेलेले होते.

गाव धावलं. दुपारी सगळं उरकलं. क्रेट बांधावर तसाच होता. शकूच्या भावकीला सुतक, त्यामुळे कुणी शिवेना. मला सुतक नव्हतं, पण मयताच्या घरचं म्हणून माझाही हात पुढं होईना. रूथ सिस्टर उठल्या, रिक्षा बोलावली आणि क्रेट घालून घरी घेऊन गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, “मला सुतक नाही.” त्यांनी एकटीनं त्या क्रेटमधली पाकळी न् पाकळी सोडवून सुती कपड्यावर पसरली.

तेराव्यानंतर शकू ओसरीवर आली. सिस्टरांनी दोन मोठ्या काचेच्या बरण्या तिच्यापुढे ठेवल्या. पिवळ्या रंगाला धक्का लागला नव्हता. तेवढ्यात माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी विचारलं, “शकू, आपला नियम आहे. हे मयताचं धरायचं का?”

आज आठवलं तरी जीभ चावावीशी वाटते. शकूनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“ती तोडली तवा हे जित्ते हुते, बाई. बाजाराची फुलं हायेत ती.”

मग तिनं मनातलं सांगितलं. बाप गेला की मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं. लेकीचं, मीनाचं, ठरलेलंच होतं, ते मार्गशीर्षात करायचं होतं. “बाप तर न्हाई मांडवात. निदान त्याच्या हातची फुलं तरी पडू द्या तिच्या अंगावर, अक्षता म्हनून.”

*

शकूच्या केसांत फूल नाही असा दिवस मी पाहिला नव्हता. आता ती पूर्वीसारखीच शेतात जायची, शेवंती तोडायची, क्रेट भरायची, दुपारी आमच्याकडे पाकळ्या निवडायची. दिवसभर हात फुलांत आणि केसांत एक नाही. सिस्टरांनी एकदा विचारलं. ती म्हणाली, “आमच्यात न्हाई घालत, सिस्टर.”

मी म्हणाले, “अगं, आता गावोगाव ठराव झालेत. ह्या प्रथा बंद म्हणून.”

“ठराव कागदावर हाय, बाई. मी भावकीत ऱ्हाते.”

मी पुढची पाकळी निवडायला घेतली.

*

आता माझी चूक सांगते. सांगायची इच्छा नाही, पण ती सोडून पुढचं सांगता येत नाही.

परतीचा पाऊस लागला होता. हवा दमट. एक ओळखीच्या बाई घरी आल्या, त्यांना कौतुकानं दाखवायला मी एक बरणी उघडली. “बघा, अजून कशी पिवळीधमक!” त्या बघून गेल्या. मी झाकण लावलं, पण नीट फिरवलं नाही. चार दिवसांनी सिस्टरांनी बरणी उचलली तर तळाशी करडा थर. अख्खी बरणी बुरशीनं गेली.

दत्तूभाऊंनी आयुष्यात तोडलेलं शेवटचं फूल, त्यातलं अर्धं मी मिरवण्यापायी घालवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शकूच्या घरी गेले आणि उंबऱ्यातच सांगून टाकलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले. तिनं परात बाजूला सारली.

मग म्हणाली, “शेतात बी अर्धं पाऊसच न्हेतो, बाई. बसा, च्या टाकते.”

उरलेली बरणी सिस्टरांनी आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवली. नव्या मोबाईलच्या, चपलांच्या खोक्यांत ओल धरणाऱ्या पुड्या येतात, त्या गावभर मागून आणल्या आणि बरणीत टाकल्या. किल्ली मला दिली नाही. बरोबरच केलं.

*

लग्न मार्गशीर्षात झालं. बरणी टिकली. आदल्या दिवशी आम्ही तिघींनी मांडी घालून पाकळ्यांच्या पुड्या बांधल्या, माणशी एक चिमूट.

कन्यादानाला थोरले दीर आणि जाऊ बसले. शकू मांडवाच्या अगदी मागे, खांबाला टेकून उभी राहिली. कुणी तिला मागे जा म्हटलं नव्हतं, पण पुढे ये असंही कुणी म्हटलं नाही. मी आणि सिस्टर तिच्याजवळ थांबलो.

मंगलाष्टकं सुरू झाली. पहिल्या ‘सावधान’ला सगळ्यांनी पाकळ्या उधळल्या आणि मला आमची चूक दिसली. इतकी वर्षं पाकळ्या वाळवतोय, पण एवढी साधी गोष्ट आम्हा तिघींच्या लक्षात आली नव्हती. वाळलेली पाकळी वजनाला काहीच नसते. ती फेकली तरी पुढे जात नाही. त्यात, थंडीचे दिवस असले तरी मांडवातल्या गर्दीला उकडू नये म्हणून स्टेजवर दोन मोठे पंखे लावलेले, वारा आमच्याकडे. मीनाच्या अंगावर चार-दोन पाकळ्या गेल्या असतील. बाकीच्या सगळ्या उलट वाऱ्यानं मागे आल्या. दर ‘सावधान’ला येत राहिल्या.

शकू हलली नाही. डोळे मिटून उभी होती. मला रडू आवरेना. सिस्टरांनी माझा दंड घट्ट धरला होता.

लग्न लागलं, गर्दी पांगली. थोरल्या जाऊबाई स्टेजवरून उतरून शकूला शोधत मागे आल्या. तिच्याकडे बघून दचकल्या. आजूबाजूला नवरदेवाकडच्या बायका होत्या. जाऊबाईंनी आवाज खाली आणला. “शकू, आगं केसांत पाकळ्या बसल्यात तुज्या, समद्या डोक्यावर. थांब, काढते.” आणि हात पुढं केला.

शकू म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, आक्का. म्या न्हाई घातल्या. ह्यांनी तोडल्यात, ह्यांनीच घातल्यात. काढायच्या का न्हाई, ते ह्यांनाच इचारा.”

आक्कांचा हात तसाच राहिला.

शकू पंगतीत बसली, जेवली, वेशीपर्यंत जाऊन मीनाची पाठवणी केली. संध्याकाळी मांडव उतरवायला लागले तरी तिनं डोक्याला हात लावला नव्हता.