गळ्यापर्यंतची बटणं

सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हाची गोष्ट. सरकारी दवाखान्याच्या बाकावर एक गिरणी कामगार माझ्या शेजारी बसला होता. यंत्रात सापडून त्याच्या दोन्ही हातांची बोटं कायमची आखडली होती. कागदसुद्धा तो मनगटांत धरून होता. भरपाईसाठी त्याला डॉक्टरचा दाखला हवा होता. भर उन्हाळ्यात अंगात टेरिकॉटचा शर्ट, आणि बटणं पार गळ्यापर्यंत!

"एवढं कशाला?" मी विचारलं.

"डॉक्टरम्होरं उघड्या छातीनं जायचं व्हय? बायकोनं लावून दिली की."

त्याला आत बोलावलं. दार उघडंच होतं. डॉक्टरने त्याच्या हातांकडे धड पाहिलंही नाही.

"बटणं लावतोस, मग मशीन का चालवता येत नाही?"

"बायकोनं लावली, सायेब."

"सगळे हेच सांगतात," म्हणत डॉक्टर 'कामास योग्य' असा शेरा मारून मोकळा झाला.

तो बाहेर आला तो घामाघूम होऊन. मला म्हणाला, "वरचं बटण तेवढं काढा की. जीव गुदमरायलाय."

मी बटण काढलं. अजून आठवलं की डोकं फिरतं. 'काढून दाखव' एवढं म्हणायला त्या डॉक्टरला काय धाड भरली होती?