तीस फेब्रुवारीचा कोल्हा

दामाजी कोळ्याला ठाण्याच्या खाडीकाठी कुणी हट्टी म्हणत, कुणी चक्रम म्हणत. बायको आवडाबाई तर यापेक्षा बरंच काही म्हणायची. पण खोटं बोलणारा असं त्याला पन्नास वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. आज जाळं लावायचं की नाही, पाणी कुठवर चढेल, तिवरांच्या झाडीत काल कोण फिरून गेलं, यावर दामाजी बोलला की कोळीवाड्यात पुढची चर्चा बंद व्हायची. त्याची सगळी इस्टेट म्हणजे एक होडी आणि हा शब्द, आणि होडी तर दर पावसाळ्यात गळायची.

अशा या माणसाच्या आयुष्यात सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर मंदाकिनी कारखानीस आल्या. राहणार डोंबिवली, नोकरी कल्याणच्या एका कॉलेजात जंतुशास्त्र शिकवण्याची, आणि शिवाय डॉक्टरेटचा अभ्यास. नीट इस्त्रीची साडी नेसून त्या थेट होड्यांपाशी उतरल्या आणि जाळी शिवत बसलेल्या पुरुषांना म्हणाल्या, "इथे तिवरांमध्ये कोल्हे आहेत ना? मला त्यांची विष्ठा हवी आहे."

पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. गुणाजीला ऐकू जरा कमी यायचं. तो म्हणाला, "कोल्याची निष्ठा? ती कुत्र्याकरं असतं, बाय."

हसण्याचा गडगडाट झाला. बाईंचा चेहरा पडला. दामाजी मात्र हसला नाही. त्याने विचारलं, "लेंडं पायजेत काय तुमाला? ताजी का सुकलेली?"

"ताजी," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या जिवात जीव आला.

कशाला हवीत, हे त्याने पहिल्याच दिवशी विचारून घेतलं, कारण अर्थ कळल्याशिवाय काम करणाऱ्यांतला तो नव्हता. बाईंनी समजावलं ते असं: आपण ताप आला की कॅप्सूल घेतो. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या फडताळात टाकून देतो. त्यामुळे काही जंतू मरतात, काही वाचतात, आणि वाचलेले असे शिरजोर होतात की पुढे त्याच औषधाला जुमानत नाहीत. माणसाच्या पोटात असे जंतू सापडतात, त्यात नवल नाही. पण कोल्ह्याने जन्मात कॅप्सूल पाहिलेली नाही. त्याच्या पोटात शिरजोर जंतू असले, तर ते आले कुठून?

दामाजीला हा प्रश्न फार आवडला. खरं सांगायचं तर मासळीच्या भावापलीकडचा प्रश्न त्याला कुणी कधी विचारलाच नव्हता.

मग काम सुरू झालं. स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओतून बाईंनी रोलच्या रिकाम्या काळ्या डब्या मिळवल्या, उकळून दिल्या. दामाजी सकाळी चिखल तुडवत तिवरांत जायचा, आइस्कँडीच्या काडीने माल डबीत भरायचा, झाकणावर चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलने आकडा घालायचा आणि डबी बर्फाच्या पेटीत ठेवायचा. शाळा दुसरीपर्यंत झालेली, त्यामुळे अक्षरांशी फारशी ओळख नव्हती, पण आकडे झकास काढायचा. दुपारी पेटी खांद्याला मारून खोपटच्या डेपोत यायचा आणि कल्याणची एसटी धरायचा.

एकदा शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी पेटीकडे बघून जिभल्या चाटत विचारलं, "काय, ताजं आहे का?"

"सकालचंच हाय," दामाजी म्हणाला, आणि खरंच होतं ते.

आवडाबाईने आपला कायदा पहिल्याच दिवशी सांगून टाकला होता: "ती पेटी घरान आनाची नाय. मासलीची येगली, कोल्याची येगली. इसरलास तर तू पन भायेर." पेटी अंगणातल्या शेवग्याखाली राहिली. कोळीवाड्यात त्याचं नाव 'लेंडीवाले डॉक्टर' पडलं. दामाजीने ते आनंदाने स्वीकारलं. त्यात डॉक्टर होतं ना.

कॉलेजात पेटी उतरवून घ्यायला काळुराम असायचा. हा प्रयोगशाळेतला शिपाई, आणि हुकुमाचा पक्का. मागे एकदा त्याने स्वतःच्या हुशारीने कुठल्याशा बाटल्यांवरची नावं सुधारली होती आणि महाभारत घडलं होतं. तेव्हापासून बाईंनी त्याला बजावून ठेवलेलं, "दामाजींच्या डबीवर जे लिहिलं असेल तेच रजिस्टरात उतरवायचं. आपलं डोकं चालवायचं नाही." काळुरामने त्या दिवसापासून डोकं बंद ठेवलं. डबीवरचा आकडा दिवसाच्या रकान्यात घालायचा, महिना आणि साल भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून पुढे जोडायचं.

काळुरामनेच दामाजीला काचेच्या बशा दाखवल्या. बशीत जंतू पसरून वर औषधाच्या बारक्या चकत्या ठेवलेल्या. चकतीभोवती स्वच्छ रिंगण पडलं की जंतू मेले. रिंगण नाही पडलं, जंतू अगदी चकतीला टेकून वाढले, की ते शिरजोर. कधी रिंगणं पडत, कधी पडत नसत. का, ते कुणालाच कळेना. दीड वर्ष झालं, बाईंचे तक्ते भरत गेले आणि अर्थ काही लागेना.

आणि मग एकोणनव्वदच्या एप्रिलमध्ये दामाजीला कॉलेजात बोलावणं आलं.

बाईंचे मार्गदर्शक टिपणीस सर खुर्चीत बसले होते. जाड चष्मा, पांढरा शर्ट, आणि शिस्त अशी की टेबलावरची पेन्सिलसुद्धा सरळ रेषेत. समोर रजिस्टर उघडं होतं. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे लाल होते.

"हे आकडे तुमच्या हातचे?" सरांनी एक डबी पुढे केली.

"व्हय. माजंच."

"रजिस्टरात या डबीची तारीख आहे तीस फेब्रुवारी. फेब्रुवारीत तीस तारीख असते?"

दामाजीला फेब्रुवारीचं काही सोयरसुतक नव्हतं. "ते मना नाय ठाव. पन त्या दिशी मी गेल्तो, नि कोल्याचंच हाय ते."

"मार्चमध्ये तुम्ही दोनदा आठ तारखेला गेलात. दोन आठ तारखा! आणि पंधराच्या पुढचे दिवस तर तुमच्या महिन्यात जवळजवळ नाहीतच." सरांनी रजिस्टर मिटलं. "माफ करा, पण हे नमुने घरबसल्या तयार केलेले आहेत. कुठल्या तरी भटक्या कुत्र्याचे असतील. तुम्ही खोटं बोलता आहात आणि या मुलीची दीड वर्षं पाण्यात गेली आहेत."

दामाजीला भांडता आलं असतं. बाजारात तो भांडायला कमी नव्हता. पण 'खोटं' हा शब्द त्याला आजवर कुणी ऐकवला नव्हता. त्याने टोपी घातली, पेटी उचलली आणि तो निघाला. बाई मागून हाका मारत राहिल्या, पण त्यांच्या वर्गाची घंटा झाली.

दोन दिवस दामाजी जेवणाशिवाय कशासाठी तोंड उघडेना. आवडाबाई आधी चिडली, मग घाबरली. एरवी ती ज्याला रोज शिव्या घालायची, त्याला दुसऱ्या कुणी खोटं म्हणावं हे तिला सहन होईना. "त्या मास्तरला मी बगून घेतंय," ती म्हणाली. "कल्यानला एसटी मनापन नेतं!"

तिसऱ्या दिवशी मंदाकिनीबाईच दारात हजर झाल्या. रजिस्टर छातीशी धरलेलं. अंगणात बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "दामाजी, तुम्ही खोटं बोलणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून सरळ विचारते. त्या डबीवर तीस का घातलंत?"

"अवस व्हती म्हनून," दामाजी म्हणाला.

बाईंनी पेला खाली ठेवला.

"अवस म्हंजे तीस," आवडाबाईने मध्ये तोंड घातलं. बाईंना एवढंही कळू नये याचं तिला नवल वाटलं. "पुनव म्हंजे पंदरा. आठम म्हंजे आठ. ती म्हयन्यातून दोनदा येतं, एक उजेराची, एक कालोखाची. शालन शिकिवलं नाय तुमाला?"

मंदाकिनीबाईंच्या आजीच्या पंचांगातही अमावास्येपुढे तीसच छापलेलं असायचं. लहानपणी त्यांनीच ते आजीला वाचून दाखवलं होतं. दीड वर्ष हा माणूस तिथी लिहीत होता आणि काळुराम त्याची तारीख करत होता! बाईंना हसू फुटलं ते थांबेना. हसता हसता रडू आलं, मग पुन्हा हसू. आवडाबाई पाठीवरून हात फिरवत राहिली.

डोळे पुसून बाईंनी रजिस्टर जमिनीवर पसरलं. सगळ्या आठ-नऊ एका कागदावर, सगळ्या पंधरा-तीस दुसऱ्या कागदावर, असं त्या लिहीत सुटल्या. अर्ध्या तासाने त्यांनी हात थांबवला. अष्टमी-नवमीच्या कागदावर जवळपास प्रत्येक ओळीत जंतू शिरजोर. पुनव-अवसेच्या कागदावर जवळपास सगळे गरीब.

"असं का असेल हो?"

दामाजीने तोंडातलं पान गालात सरकवलं. दोन दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. "यात काय हाय, बाय? अवस-पुनवेला आरध्या राती भरती. उधानाचं पानी, तिवरांतली वाट बुरतं. कोला मिठागराच्या बाजूला अरकतो, उंदीर नि बोरं खातो. आठमीला भांगाचं पानी, जोर नसलेलं, आरध्या राती सुकती. वाट उगरी. मंग तो खुशाल सरकत जातो गावच्या नाल्याच्या तोंडाशी. तिकरं सगल्या गावची घान, कोंबरीवाल्यांची आतरी. पोट फुटंपर्यंत खातो."

"म्हणजे माणसांचेच शिरजोर जंतू! हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलंत कवा?"

बाई त्याच संध्याकाळी सरांकडे गेल्या. टिपणीस सरांनी सगळं ऐकून घेतलं, पण ते इतक्यात विरघळणारे नव्हते. म्हणाले, जुळवून कुणीही दाखवेल, आधी सांगून दाखवा. दामाजीने बारा डब्या आणायच्या, अष्टमीच्या सहा आणि अवस-पुनवेच्या सहा. कुठली कधीची, ते काळुराम पाकिटात बंद करेल. बशा सर स्वतः लावतील, आणि दामाजीचं भाकीत खरं ठरलं तर मानतील.

बाईंची झोप उडाली. पुन्हा चुकलं तर डॉक्टरेटला कायमचा रामराम. दामाजी निवांत होता. एवढंच, की त्या दोन महिन्यांत त्याने मासेमारीपेक्षा तिवरांकडे जास्त लक्ष दिलं आणि आवडाबाईने कुरकुर न करता एकटीने बाजार सांभाळला. शेवटच्या पेटीच्या दिवशी तर तिने झाकणाला हळदीकुंकू लावलं, लांबूनच हात पुढे करून.

बावीस जूनला दामाजी पुन्हा त्या खोलीत उभा राहिला. या वेळी आवडाबाई सोबत होती, नऊवारी कडक कासोट्याने नेसलेली, प्रसंग पडलाच तर तयारीत. सरांनी बारा बशा ओळीने मांडल्या. काळुराम पाकीट फाडून एकेक तिथी वाचायला लागला. आठ: रिंगण नाही. पंधरा: रिंगण. तीस: रिंगण. आठ: रिंगण नाही. असं करत अकरा झाल्या. बारावी आठची होती आणि तिच्यात चकतीभोवती छान स्वच्छ रिंगण पडलं होतं.

"हे पाहा, चुकलं!" सर म्हणाले.

दामाजीने बशीत वाकून पाहिलं. "त्या कोल्याला त्या राती भूक नसंल," तो म्हणाला. "आमचापन कवा कवा उपास असतो."

काळुरामच्या तोंडून फिसकन हसू निसटलं. बाईंनी पदर तोंडाला लावला. आणि मग टिपणीस सर, ज्यांना हसताना त्या कॉलेजात कुणी पाहिलं नव्हतं, ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "बारापैकी अकरा," ते म्हणाले. "आमची औषधंसुद्धा इतकी खात्रीची नाहीत."

त्यांनी बाईंच्या तक्त्यावर सही करायला पेन उघडलं. पण सही न करता ते उठले आणि टेबलाला वळसा घालून दामाजीसमोर येऊन उभे राहिले.

"दामाजी, याच खोलीत मी तुम्हाला खोटं बोलता म्हणालो होतो."

"म्हनलात," दामाजी शांतपणे म्हणाला. "दशमी व्हती."

सरांनी हात जोडले. दामाजीने गडबडून ते आपल्या हातांत धरले. मग सर खुर्चीवर परतले आणि तक्त्याखाली सही केली. सहीखाली तारीख घालताना त्यांचं पेन थांबलं.

"आज काय हो?" त्यांनी विचारलं.

"आज तीज. कालोखाची."

आणि टिपणीस सरांनी, कुठेही खाडाखोड न करता, आपल्या वळणदार अक्षरात सहीखाली लिहिलं: वद्य ३.